अकरा जणांचा कोट

मी कोट बोलतोय. हॉस्टेलच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक कपाट आहे ना, त्यात टांगलेला तो जाड, करडा कोट. आवाज घोगरा वाटला तर मनावर घेऊ नका. इतकी वर्षं लोकांच्या गळ्याशी काढली, त्यांचे खोकले ऐकले, की आपलाही गळा बसतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. माझी बटणं लावणारी बाई दिवसभर शेजारणीला आपल्या जावेच्या तक्रारी सांगत होती. माझं तिसरं बटण पहिल्यापासून सैल होतं, ते त्या जावेमुळे. असो.

मला विकत घेतलं ते दूरच्या देशातून एका सेमिस्टरसाठी आलेल्या एका मुलाने. चार महिने त्याने मला अंगावेगळं केलं नाही. जाताना मात्र बॅग बंद होईना. विमानात वजनाची मर्यादा असते म्हणे. पुस्तकं आत गेली, बूट आत गेले, भेटवस्तू आत गेल्या आणि मी खुर्चीवर राहिलो. "पुढच्या कुणाला तरी द्या," असं म्हणून त्याने मला वॉर्डनबाईंच्या हातात दिलं. तेव्हापासून माझं हेच चाललंय. दर सेमिस्टरला नवा देश, नवे खांदे, नवी भाषा. भाषा मला कळतात. गळ्याशी राहणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही.

खरं सांगू? कंटाळा येतो हो. सगळ्यांचं तेच. पहिल्या महिन्यात दिसेल त्या दगडाचा फोटो. दुसऱ्या महिन्यात रडारड, आणि नाक माझ्या बाहीला. तिसऱ्यात जिवाभावाची मैत्री. चौथ्यात पुन्हा रडारड, कारण आता घरी जायचं! मी म्हणतो, बाबांनो, एकदा काय ते ठरवा.

मग माझी अकरावी मालकीण आली. थंडी सुरू झाली तशी वॉर्डनबाईंनी मला तिच्या अंगावर चढवलं आणि विचारलं, "नीट बसतोय ना?" खरं तर मी तिला ढगळ होतो, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. ती म्हणाली, "हो हो."

हेच तिचं दुखणं. तिला नाही म्हणता यायचं नाही. मोठ्या माणसाने काही विचारलं की मान आधी हलायची, डोकं नंतर चालायचं. आठ दिवसांत सगळं हॉस्टेल तिला 'हो-हो' म्हणायला लागलं. सामायिक स्वयंपाकघरातली भांडी घासायची पाळी आठवड्यातून एकदा असते. हिच्याकडे चार पाळ्या आल्या. कुणीतरी विचारलं, गाण्याच्या गटात येतेस का? हो हो. आवाज म्हणाल तर बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा. डोंगर चढायला येतेस? हो हो. दोन दिवस पोरगी जिना उतरताना कठडा धरत होती.

इथवर हसण्यावारी होतं. पण एक दिवस वर्ग संपल्यावर पाणीपुरवठा शिकवणाऱ्या सरांनी तिला थांबवलं. म्हणाले, "सगळे लेखी परीक्षा देतील. तुम्ही तोंडी द्या. वर्गात कधी बोलत नाही तुम्ही, मला तुमचं ऐकायचंय. चालेल?"

मी तिच्या अंगावरच होतो. तिला प्रश्न नीट समजला होता. आणि तरी तोंडातून काय निघावं? "हो सर."

अगं बये!

हा विषय म्हणजे थट्टा नव्हती. तिच्या कॉलेजातून एकाच मुलीला इकडे पाठवलं होतं, ती ही. या विषयात नापास झाली, तर तिकडे हे सेमिस्टर धरणार नव्हते. वर्ष बुडणार. आणि परक्या भाषेत, परक्या माणसासमोर अर्धा तास एकटीने बोलायचं, म्हणजे हिच्यासाठी बुडाल्यातच जमा.

त्या रविवारी आईचा फोन आला. "जेवलीस का गं? अभ्यास कसा चाललाय?"

"छान चाललाय आई."

"काही अडचण नाही ना?"

"नाही गं, काहीच नाही."

बघा, नाही म्हणायला आलं, तेही नको तिथे. फोन ठेवला आणि तिने माझी कॉलर तोंडात धरून रडून घेतलं. मी ओला झालो. सवय आहे, पण या वेळी मलाही भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी घासत असताना वॉर्डनबाई आल्या. पन्नाशीच्या, फटकळ बाई. "आज तुझी पाळी नाहीये," त्या म्हणाल्या. "मग का घासतेयस?" झालं, हातातलं पातेलं ठेवून हिने सगळं सांगून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सरांकडे जाऊन सांग, जमणार नाही."

"तेच तर जमत नाही!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हिला खोलीत नेलं, मला दाराच्या खुंटीवर अडकवलं आणि म्हणाल्या, "हा तुझा सर. रोज सकाळी याच्यासमोर बोलायचं. आणि आधी वीस वेळा 'नाही' म्हणायचं. मोठ्याने."

आली का पंचाईत! आधीच्या दहा जणांत मला परीक्षक कुणी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी 'नाही' इतकं बारीक आलं, की माझ्या वरच्या बटणापर्यंतही पोचलं नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा आल्या, "काय नाही? कुणाला नाही?" ही लाजून चूर. पण थांबली नाही. पाइप, टाक्या, गळती, दाब, रोज तासभर माझ्यापुढे बोलायची. मध्येच अडली की माझ्याकडे बघायची. मी काय बोलणार? लोंबकळत होतो. पण सांगतो, तेवढ्या तासाभरात मला कधी कंटाळा आला नाही. सरांकडे जाऊन परीक्षा बदलून घ्यायची मुदतही त्यातच गेली, पण त्याबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही.

परीक्षेच्या दिवशी सरांच्या खोलीतला हीटर बिघडला होता. "कोट राहू द्या अंगात," सर म्हणाले. म्हणून मी आत होतो, नाहीतर बाहेरच्या खुंटीवर तळमळत बसलो असतो.

पहिला प्रश्न ठीक गेला. दुसरा प्रश्न भला मोठा. सर बोलत राहिले, बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, "लक्षात आलं ना?"

तिची मान खाली यायला लागली. माझ्या कॉलरला हनुवटी टेकलीसुद्धा. मी म्हटलं, बुडालं वर्ष.

आणि मान तिथेच थांबली. "नाही सर," ती म्हणाली. "प्रश्न कळला नाही. परत विचाराल का?"

सरांनी चष्मा काढून ठेवला आणि प्रश्न सोपा करून विचारला. तिने निम्मं उत्तर दिलं. मग सर म्हणाले, "म्हणजे पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडलं, की गळती आटोक्यात येते. असंच ना?"

"नाही सर, तसं नाही." ती म्हणाली. "आमच्या घरी पाणी दोनच तास येतं. बाकी वेळ पाइप रिकामे. पाणी येतं तेव्हा प्रत्येक वेळी दणका बसतो आणि सांधे ढिले होतात. आमच्या गल्लीत दर महिन्याला रस्ता खणतात. मी लहानपणापासून बघतेय."

पुढची दहा मिनिटं ती तिच्या गल्लीबद्दलच बोलत होती. भाषा मोडकीतोडकी, पण सर लिहून घेत होते! अहो, सर लिहून घेत होते. मला इतका अभिमान वाटला, की तिसरं बटण तुटून खाली पडलं.

ती पास झाली. पहिली वगैरे नाही आली, नुसती चांगली पास झाली. वॉर्डनबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता उद्याची भांडी?" "नाही, उद्या माझी पाळी नाही," ही म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी मात्र वेगळ्याच विचारात होतो. सांगायला लाज वाटते, पण दहा जणांत जे कधी वाटलं नाही ते वाटायला लागलं होतं. वाटत होतं, हिने आपल्याला घेऊन जावं.

शेवटच्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, तो कोट घेऊन ये गं. किती जाड आहे! बाबा सकाळी फिरायला जाताना घालतील."

मी खुंटीवर श्वास रोखून धरला. ती आईला कशाला नकार देतेय!

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही आई. मागून येईल त्याला लागेल. इथे कोट नसेल तर हाल होतात."

"बरं बाई," आई म्हणाली, "तू म्हणशील तसं."

माझ्यासमोर घोटलेला शब्द माझ्याच वाट्याला आला. राग आला, खोटं कशाला बोलू. पण तिचं चुकलं होतं असं काही मला म्हणता येईना.

निघायच्या दिवशी तिने माझ्यावरून ब्रश फिरवला, पडलेलं बटण घट्ट लावलं, मला कपाटात टांगलं आणि गाल कॉलरला टेकवून म्हणाली, "येते हं." दार लागलं.

आता मी इथे आहे. अस्तर विरलंय, कोपरं घासलीत, डांबराच्या गोळीचा वास डोक्यात जातो. पुढच्या आठवड्यात बारावा येतोय म्हणे. ये बाबा. तुझे खांदे कसेही असोत, मी सांभाळून घेईन. नाक पूस, भिजव, खुर्चीवर टाक, माझी काही तक्रार नाही. फक्त जाताना एवढं कर, 'येतो' म्हणू नकोस. मी वाट बघत बसतो.