क्लिप एकमधली थरथर

कॅमेरा कट्ट्यावर अलीकडे दोनच प्रकारची माणसं उरली होती. एक, आपला कॅमेरा विकायला काढलेली. दुसरी, रोज सकाळी फुलांचं चित्र टाकून सुप्रभात म्हणणारी.

हा कट्टा म्हणजे फेसबुकवरचा ग्रुप. सोलापुरातल्या बाळीवेशीत लग्नामुंजीच्या शूटिंगचं दुकान चालवणाऱ्या संगमेशने तो सुरू केला होता. एके काळी काय गजबज असायची! कुठली लेन्स घेऊ, मांडवातल्या पिवळ्या उजेडाचं काय करू, ट्रायपॉड जुना मिळेल का, एक ना दोन. संगमेश दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून उत्तरं लिहायचा. ग्रुपचा पहिला नियमही त्याचाच होता: मोबाईलवर काढलेलं इथे चालणार नाही.

मग मोबाईल सुधारत गेले आणि प्रश्न विचारणारे कमी होत गेले. नियम तेवढा उरला.

त्या नियमाला न जुमानणारा एकच सभासद होता, टेंभुर्णीचा जोतिराम. शेळ्यामेंढ्यांचा बाजार, कुस्त्या, बैलांची मिरवणूक, सगळं तो फोनवर काढायचा आणि त्याला बघणारेही भरपूर होते. संगमेश त्याचे व्हिडिओ काढून टाकायचा, तो पुन्हा टाकायचा. शेवटी श्रावणाच्या तोंडावर जोतिरामने सगळ्यांसमोर लिहिलं, “संगमेशदादा, तुमच्या कट्ट्यावर आता कावळं बी बसंनात. मोबाईलवाल्याला हाकलून काय राकायलाय तुमी हितं?”

संगमेशला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. त्याने तिथल्या तिथे पैज लावली. एकच प्रसंग, तो कॅमेऱ्यावर काढणार, जोतिराम फोनवर. दोन्ही क्लिपा नाव न सांगता टाकायच्या आणि लोकांनी चांगली कुठली ते सांगायचं. कट्टा हरला तर पहिला नियम रद्द.

जोतिरामने फोन करून विचारलं, “जागा कुटली?”

“माझ्या दोडव्वाचं देवघर.”

दोडव्वा म्हणजे आईची थोरली बहीण, सावित्रम्मा. दुकानाच्या मागच्याच गल्लीत एकटी राहायची. श्रावण लागला की पहाटे उठल्यापासून शिवपूजा होईपर्यंत ती बोलत नसे. एरवी गळ्यात असणारं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्यावर नजर लावून बसायची आणि शेजारच्या कोनाड्यात तेलाचा दिवा तेवत असायचा. संगमेशने जागा निवडली ती मात्र उजेड बघून. अंधारं देवघर आणि एक ज्योत. अशा जागी फोनची फजिती होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी तो विचारायला गेला, तेव्हा दोडव्वा हसली. “काढा की. मी बोलणार नाही बघ, आणि माझं जे चाललंय ते चालू राहू दे. एवढंच.”

“तुला कळणारसुद्धा नाही आम्ही आहोत म्हणून,” संगमेश म्हणाला.

पहाटे जोतिराम खिशात फोन घालून आला. संगमेशचं सामान आणायला मात्र दोन खेपा लागल्या. “लगीन हाय का काय हितं?” जोतिराम कुजबुजला आणि दाराच्या चौकटीला टेकून फोन धरून उभा राहिला. संगमेशने ट्यूब बंद केली, स्टँड लावला, कानाला हेडफोन चढवले. दोडव्वा पाटावर बसली होती. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, नजर लिंगावर.

चित्र सुंदर होतं, पण थंड होतं. नुसती तेवणारी ज्योत आणि न हलणारी बाई. संगमेशला हवी होती ती ज्योत जन्मताना. काळोख, काडी, आणि काळोखातून उमलत येणारा चेहरा. फोनला ते सात जन्मात जमलं नसतं.

“दोडव्वा,” तो हळूच म्हणाला, “एकदाच. दिवा विझवतो, तू परत लाव. हां?”

ती बोलली नाही. ती बोलणारच नव्हती. न बोलणं म्हणजे होकार, असं त्याने आपल्या सोयीने धरलं.

“दादा, दिवा...” दारातून जोतिराम म्हणाला.

संगमेशने ओठांवर बोट ठेवलं, वाकला आणि फुंकर मारली. काडेपेटी तिच्या उजव्या हाताशी सरकवून तो कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला. अंधारात बराच वेळ काही घडलं नाही. मग पूजा संपवून, लिंग गळ्यातल्या चौक्यात, त्या चांदीच्या डबीत, ठेवून तिने काडी ओढली. तिचा हात थरथरत होता. काडीचा उजेड सुरकुत्यांवरून थरथरत वर चढला आणि वात पेटली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते बघताना संगमेशच्या अंगावर काटा आला.

“दोडव्वा, लई झकास!” त्याने तिच्या पायावर डोकं ठेवलं.

तिने दोघांना उप्पीट दिलं, चहा दिला. स्वतः काही घेतलं नाही. श्रावण आहे, उपास असेल, असं संगमेशला वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नव्हतं. हा विचार त्याला नंतर सुचला.

दुपारी जोतिरामने काडी ओढल्यापासूनचा तुकडा पाठवला आणि संगमेशने दोन्ही क्लिपा टाकल्या. वर लिहिलं, ‘सोलापुरातल्या एका घरचा श्रावणातला अखंड दिवा. क्लिप एक आणि क्लिप दोन. ओळखा.’

आणि कट्टा जागा झाला. जे सभासद मेले का जगले ते माहीत नव्हतं तेही आले. नातेपुत्याच्या एका जुन्या फोटोग्राफरने लिहिलं, ‘क्लिप एकमधली त्या हाताची थरथर! याला म्हणतात कॅमेरा.’ अक्कलकोटहून कुणी लिहिलं, ‘विकायला काढलेला कॅमेरा आता विकत नाही.’ कुणी म्हणालं, ‘क्लिप दोन म्हणजे फोन, आंधळ्यालाही कळेल. रात्रीची दुपार केलीय.’ थरथर, थरथर, जो तो त्या थरथरीवर बोलत होता. संगमेश दुकानात एकटाच हसत बसला होता. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याला लेन्स कुठली म्हणून विचारलं होतं.

तेवढ्यात जोतिरामचा व्हिडिओ आला. ग्रुपवर नव्हे, एकट्याला. खाली लिहिलं होतं: ‘दादा, हे आख्खं हाय. मी फोन बंदच केला नव्हता. ग्रुपवर टाकलं न्हाय. तुमी बगा.’

संगमेशने बघितलं.

फोनला अंधार सहन होत नाही. अंधार दिसला की तो आपलं डोकं चालवून दारातून झिरपणाऱ्या चिमूटभर पहाटेचाही उजेड करतो. चित्र भुरकट होतं, दाणेदार होतं, कट्ट्यावर ज्याची टिंगल चालायची नेमकं तसं. पण त्यात सगळं दिसत होतं. वाकलेला संगमेश दिसत होता, फुगलेले गाल दिसत होते. ज्योत गेली. त्याच्या कॅमेऱ्यात त्यानंतर नुसता काळोख होता, मखमली, देखणा काळोख. फोनमध्ये त्या जागी दोडव्वाचा चेहरा होता.

तिने लिंगावरची नजर उचलून कोनाड्याकडे बघितलं होतं. तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. बोलायचं नव्हतं, हातात लिंग असताना उठायचं नव्हतं. ती बसल्या जागी नुसती त्या धुराकडे बघत राहिली, लेकरू पाळण्यातून पडताना दिसावं आणि हात बांधलेले असावेत तशी. मग तिने नजर पुन्हा तळहातावर आणली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, कारण एका हातात लिंग होतं आणि दुसऱ्या हातात बेलाची पानं.

तो अखंड दिवा होता. श्रावणाच्या पहिल्या दिवशी लावायचा आणि महिना सरेपर्यंत शांत होऊ द्यायचा नाही. संगमेशला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. त्याने स्वतःच तसं लिहिलं होतं. लहानपणी दोडव्वा मंडईत गेली की दिवा राखायला त्यालाच बसवायची. “वाऱ्याला आडवा हात धर रे, आणि तोंडाची वाफसुद्धा लागू देऊ नको,” म्हणायची. तेच तोंड.

त्याने जोतिरामला फोन लावला.

“मला तिथेच का नाही अडवलंस?”

“अडवलं की दादा. तुमी बोट दाखवलं.”

“तरी बोलायचंस ना!”

जोतिराम म्हणाला, “खरं सांगू? माजा बी हात हलंना. हात हलला तर क्लिप बिगडंल, ह्येच डोक्यात. म्हातारी रडायली ते दिसत हुतं मला फोनमदी. तरी धरूनच हुबा ऱ्हायलो.” आणि मग, “मावशीनं उप्पीट बी खाल्लं न्हाय. आपुन दोगं खाऊन आलो.”

संगमेश दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या गल्लीत गेला. ओसरीवर दोडव्वा तांदूळ निवडत बसली होती. तिथून देवघरातला कोनाडा दिसत होता. दिवा घासून, पुसून, पालथा ठेवलेला होता.

“ये रे. चहा टाकू?”

“दोडव्वा, दिवा...”

“तो सकाळीच शांत झाला.”

“शांत नाही झाला. मी फुंकला.”

“बघितलं की मी.”

सुपात तिची बोटं फिरत होती. संगमेश पायरीवर बसला. आत यायचं धाडस त्याला होईना.

“मग नंतर का नाही बोललीस? पूजा झाली होती. चार शिव्या घालायच्या होत्यास.”

“तू पाया पडलास लगेच,” ती म्हणाली. “लई झकास म्हणालास. इतका खुशीत होतास बघ. पाया पडणाऱ्याला काय बोलायचं?”

ती रागाने म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. ती खरंच विचारत होती.

“जेवलीस का?”

“आज नाही. खंड पडला म्हणजे तेवढं करावं लागतं. त्यात काय एवढं!” मग उत्सुकतेने म्हणाली, “लोकांना आवडलं का ते? दाखव की मला.”

त्याने फोन तिच्या हातात दिला. इतक्या सामानाने काढलेली क्लिपसुद्धा शेवटी याच तळहाताएवढ्या काचेवर बघायची होती, तिनेही आणि कट्ट्यानेही. दोडव्वाने ती लांब धरून बघितली.

“मीच का ही? बरी दिसते.” मग जरा वेळाने, “हात का हलतोय म्हणून विचारत असतील लोक.”

“नाही,” संगमेश म्हणाला. “तोच आवडला त्यांना.”

तिने फोन त्याला परत दिला आणि एक खडा शोधून बाहेर टाकला.

“आवडला तर असू दे. मी काढ म्हणणार नाही. पण वर काय लिहिलंयस तू? अखंड दिवा?”

“हो.”

“ते लिहू नको. जो लावताना दिसतोय तो अखंड नाही. देवाजवळ अंधार नको म्हणून लावला होता नुसता. व्रताचा गेला. देवाच्या नावाने खोटं नको रे.”

संगमेश दुकानात परतला तेव्हा कट्टा उसळत होता. ‘अ‍ॅडमिन, निकाल लावा!’ ‘कट्टा जिंकला!’ आता फक्त ‘क्लिप एक, कॅमेरा’ एवढंच लिहायचं होतं. जोतिराम काही बोलणार नव्हता. दोडव्वा कुणाला सांगणार नव्हती. नुसती वरची ओळ बदलली असती तरी दोडव्वाचं समाधान झालं असतं. आणि इतक्या वर्षांनी जागा झालेला कट्टा जागाच राहिला असता.

त्याने लिहायला घेतलं. आधी उजेडाबद्दल लिहिलं, अंधारात फोन काय करतो आणि कॅमेरा काय करतो ते. वाचून बघितलं तर तो स्वतःला वाचवत होता. पुसलं. मग व्रताची माहिती लिहिली. तीही पुसली, कारण त्यातही तो शहाणा दिसत होता. शेवटी लिहिलं:

‘क्लिप एक माझ्या कॅमेऱ्याची. हात थरथरतोय, कारण त्याआधी मी त्या बाईंचा व्रताचा दिवा चित्रासाठी फुंकून विझवला. त्या मौनात होत्या, मला अडवू शकत नव्हत्या. हे फोनमध्ये दिसतं, कॅमेऱ्यात दिसत नाही. ती क्लिप मी कुणाला दाखवणार नाही. दोन्ही काढून टाकतोय. फोन जिंकला. पहिला नियम रद्द.’

क्लिपा काढल्या आणि फोन काउंटरवर पालथा ठेवला. त्याला वाटलं, आता शिव्या येतील. यायलाच हव्यात.

फोन घूं घूं करू लागला. त्याने उलटा केला. बदाम येत होते, जोडलेले हात येत होते. ‘किती प्रामाणिक!’ ‘असा अ‍ॅडमिन होणे नाही.’ ‘दादा, तुम्ही रडवलंत.’ थरथरीच्या वेळी आलं नव्हतं इतकं कौतुक येत होतं. नातेपुत्याच्या फोटोग्राफरने तेवढं विचारलं होतं, ‘त्या माउली जेवल्या का?’ त्या एका प्रश्नाला एकही बदाम नव्हता.

संगमेशला ते बदाम बघवेनात. सकाळी पायावर डोकं ठेवून त्याने दोडव्वाचं तोंड बंद केलं होतं. आता त्याच्या पोस्टने सगळ्यांचं केलं होतं. त्याने नातेपुतेकरांना एका शब्दात उत्तर दिलं, ‘नाही.’ मग पोस्टखालच्या कमेंट बंद केल्या.

शटर पूर्ण ओढून तो पुन्हा मागच्या गल्लीत गेला. दोडव्वा सूप भिंतीला टांगत होती.

“काय रे, परत?”

“पुढच्या श्रावणात,” संगमेश पायरीखालूनच म्हणाला, “तू मंडईत जाशील तेव्हा दिवा राखायला कोण बसेल?”

“कोण बसणार? मी जातच नाही महिनाभर. शेजारीण आणून देते काय ते.”

“मी बसेन.”

दोडव्वाने त्याच्याकडे बघितलं. तिला हो म्हणायचं असावं, पण ती मृदू असली तरी भोळी नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती, ते रिकामे आहेत का ते.

“बघू,” ती म्हणाली. “श्रावण येऊ दे.”