तिसरं ऊन

खोक्यात पंचवीस-पंचवीसची दहा पाकिटं होती, म्हणजे अडीचशे पापड. भाविकाने पडवीत धुतलेली चादर अंथरली आणि तुकड्याला तुकडा जुळवत दीड तास मोजणी केली. एकसष्ट अख्खे निघाले. अठ्ठ्याऐंशी दोन तुकड्यांचे, एकोणऐंशी तीन किंवा त्याहून जास्त तुकड्यांचे. उरले बावीस.

"बावीस कुठं दिसतात तुला?" मालूवहिनीने विचारलं. चादरीच्या कोपऱ्यात नुसता चुरा होता.

"दिसत नाहीत. वजाबाकीने काढले."

"बरं हाय. आजपासून मीपण घरात भाकऱ्या वजाबाकीनेच वाढते."

पेणमधल्या त्या पडवीत मालूवहिनी धरून नऊ बायकांचा बचत गट पोह्यांचे पापड करायचा. घर सीताबाईचं, आणि डांगर, म्हणजे पापडाचं पीठ, मळायचा मानही तिचाच. यंदा एकतिसावं वर्ष. भाविका तिच्या भावाची मुलगी. रसायनशास्त्रात पदवी घेऊन ती धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागली होती. रोज गाडीने पेणहून रोह्याला जायची आणि तिथून कंपनीच्या बसने धाटावला. गटाची इंग्रजी पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं.

आजचं पत्र पनवेलच्या व्यापाऱ्याचं होतं. तो आखातात माल पाठवायचा, आणि नमुन्याचं हे खोकं त्यानेच परत केलं होतं. आम्ही क्रिस्प पापड मागितला होता, त्याने लिहिलं होतं, क्रंचीसुद्धा चालला नसता, आणि तुम्ही तर ब्रिटल पाठवलात.

"काय गो ते तीन शब्द?" सीताबाईने विचारलं.

भाविका सावरून बसली. शब्दांचा अर्थ विचारला की तिला नेहमीच बरं वाटायचं. "हे बघ आत्या. पातळ वस्तू पुढच्या दातांनी चावली की एकदाच बारीक आवाज करून मोडते, ती क्रिस्प. क्रंची वस्तू दाढेखाली जाते आणि चावत राहिलं तरी तिचा आवाज येतच राहतो."

"म्हणजे एक पापड नि एक चकली," मालूवहिनी म्हणाली. "एवढ्यासाठी तीन वर्षं कॉलेज."

"आणि तिसरा?"

"ब्रिटल म्हणजे ठिसूळ."

यावर कोणी हसलं नाही. त्या पडवीत पापडाला ठिसूळ म्हणणं म्हणजे डांगर नीट मळलं नाही असं म्हणणं. सीताबाईने दोन्ही तळवे समोर धरून पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

"हात थकला असेल माझा," ती म्हणाली. "उद्यापासून डांगर मालू मळेल."

"माझे खांदे काय बैलाचे हायत?" मालूवहिनी म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. सीताबाई बोलली की करायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाविकाने फोनवर दोन महिन्यांपूर्वीचा फॉर्म काढला. व्यापाऱ्याच्या त्या फॉर्मात मालाचं वर्णन भरायचं होतं, आणि ते तिनेच भरलं होतं. पोत कसा हवा, या रकान्यात त्याने आधीच क्रिस्प लिहून पाठवलं होतं. खाली ओलावा किती, असा रिकामा रकाना होता. भाविकाने लॅबमध्ये गटाचा पापड तपासला. ओलावा तेरा टक्के आला. ओलावा कमी तितका पदार्थ कुरकुरीत, हे तिला पाठ होतं. म्हणून तिने रकान्यात नऊ टक्के लिहिलं आणि पडवीत येऊन हुकूम सोडला, की पापडाला दोन उन्हं देता ती पुरत नाहीत, तिसरं द्या.

सीताबाई तेव्हा म्हणाली होती, "तिसरं नको गो." मग भाचीकडे बघून, शिकलेली पोर हाय, म्हणून गप्प बसली होती.

"आत्या," भाविकाने विचारलं, "तू दुसऱ्या उन्हावरच पापड का उचलतेस?"

सीताबाईने सुपातला एक कच्चा पापड घेतला, तर्जनीवर आडवा ठेवला आणि दोन्ही कडा हलकेच खाली दाबल्या. पापड किंचित वाकला. "असा वाकला की उचलायचा. नाय वाकला तर वाट बघत बसायचं नाय, ऊन जास्त झालं."

"पण ओलावा राहिला तर तो क्रिस्प कसा होणार?"

"तेलात पडल्यावर पाणी राहतं कुठं गो?"

भाविका त्या वाकलेल्या पापडाकडे बघत राहिली. क्रिस्प हा शब्द तळलेल्या पापडाचा होता. तो दातांसाठी होता, कढईनंतरचा. ब्रिटल हा कच्च्या पापडाचा, ताटात पोचण्याआधीच्या प्रवासाचा. एकाच पापडाला दोन वेगळ्या वेळी विचारलेले दोन प्रश्न तिने एकाच रकान्यात कोंबले होते.

"चूक माझी असणार," ती म्हणाली.

"असणार म्हणजे?" मालूवहिनीने विचारलं. "हाय का नाय?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

सीताबाईने मान हलवली. "माझी समजूत काढू नको. डांगर मुरलेलं असतं तर पापडाने चार उन्हं सोसली असती."

मग भाविकाने बेत मांडला. काल मळलेल्या डांगराचेच पापड घ्यायचे, हात सीताबाईचा, लाटणारी एकच. निम्म्यांना दोन उन्हं, निम्म्यांना तीन. दोन सारखी खोकी, प्रत्येकात पंचवीस, आणि ती भाविकाबरोबर तीन दिवस पेण ते धाटाव जाऊन येतील.

"माझ्या खोक्यातले वीस शाबूत परत आले," सीताबाई म्हणाली, "आणि तुझ्यातले मोडले, तर मी मळीन. नायतर मालू."

मालूवहिनीने मार्करने एका खोक्यावर लिहिलं, आत्याचं ऊन. दुसऱ्यावर, मॅडमचं ऊन.

पहिल्याच सकाळी गाडीत कासू स्टेशनला चढलेल्या एका बाईने मॅडमच्या उन्हावर आपली भाजीची पिशवी टेकवायला घेतली.

"ठेवायची तर दोन्हींवर सारखी ठेवा, मावशी," भाविका म्हणाली. "नाहीतर एकावरही नको."

बाईने तिला नीट न्याहाळलं, पिशवी मांडीवर घेतली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

लॅबमध्ये तिच्यासोबत काम करणाऱ्या अमोलने खोक्यांवरचं वाचलं आणि दोन्हींतला एकेक भाजून खाऊया म्हणाला. भाविकाने एकेक काढला खरा, पण ओलावा मोजायला चुरून एकशेपाच अंशांच्या ओव्हनमध्ये वाळत ठेवला. अमोल थोडा वेळ ओव्हनसमोर हताश उभा राहिला.

"व्यापाऱ्याला उत्तर काय देणार?" त्याने नंतर विचारलं.

"आकडे आले की देईन. एका शब्दावर अडलंय. एरर लिहू की मिस्टेक?"

"एरर लिही. एररला बाप नसतो."

त्याचं खरं होतं. लॅबच्या वहीत एरर रोज लिहिला जायचा, काट्याचा, मोजपात्राचा, आणि त्यासाठी कोणी कोणाची माफी मागत नसे. मिस्टेक मात्र कोणाची तरी असते. तिने मजकूर लिहिला आणि त्या शब्दाची जागा रिकामी सोडली.

सहा फेऱ्या झाल्या. बसचा ड्रायव्हर खड्डा चुकवायचा आणि भाविका मनातल्या मनात म्हणायची, चुकवू नका हो. तिसऱ्या संध्याकाळी ती पेणला उतरली तेव्हा पडवीत नऊच्या नऊ जणी जमल्या होत्या. सीताबाईसमोर परातीत पोह्यांचं पीठ होतं, शेजारी पापडखाराचं पाणी. पीठ कोरडं होतं. हात मांडीवर ठेवून ती बसली होती.

"तू मोजू नको," मालूवहिनी भाविकाला म्हणाली. "तू वजाबाकी करशील."

तिने चादर अंथरली आणि आत्याचं ऊन उघडलं. एकेक पापड उचलून, उजेडाकडे धरून, मोठ्याने आकडा म्हणत ती चादरीवर मांडत गेली. विसाव्याला थांबली आणि सीताबाईकडे पाहिलं. सीताबाई परातीकडे बघत होती. मालूवहिनी पुढे मोजत गेली. मग दुसरं खोकं उघडलं. ते मोजायला फार वेळ लागला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचं ऊन भारीच कडक हो."

सीताबाईने पिठात खळगा केला आणि पाणी ओतलं. भाविकाने भिंतीला टेकून फोन काढला, मजकुरातल्या रिकाम्या जागी मिस्टेक लिहिलं, त्याच्याआधी 'माझी' लिहिलं, आणि खाली दोन ओळी जोडल्या.

दोन उन्हं: ओलावा १३.२ टक्के, चोवीसपैकी तेवीस अखंड.

तीन उन्हं: ओलावा ९.१ टक्के, चोवीसपैकी पाच अखंड.