पहिली पाच वर्षं

प्रयोगशाळेतल्या पेशींना रविवार कळत नाही, हे ताईच्या नवऱ्याला समजायला लग्नानंतर तीन वर्षं लागली. दर दोन दिवसांनी त्यांच्या चपट्या बाटल्यांतलं जुनं पोषकद्रव्य काढायचं, नवं घालायचं. नाहीतर मेल्याच म्हणून समजा. मग भाचीचं लग्न असो की स्वतःच्या अंगात ताप असो. "पोटच्या पोरीला एक वेळ उपाशी ठेवशील, पण त्या बयांना नाही," नवरा म्हणायचा, आणि गाडीची किल्ली शोधायला लागायचा.

अकरा वर्षं हेच चाललं होतं. प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, मान देत, पण नोकरी अजून वर्षावर्षाच्या करारावरच. सोडावी म्हटलं तर बेचाळिसाव्या वर्षी करणार काय, डोंबल? प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तरुणपणी एका रुग्णाच्या यकृताच्या गाठीतून पेशींची एक जात वाढवली होती. त्या पेशींवर औषधं लावून बघणं, एवढंच तिला येत होतं. आणि त्या पेशी जगात फक्त इथेच होत्या. म्हणजे तीही इथेच.

मंगळवारी तो निकाल आला. हल्ली विज्ञानाची नियतकालिकं लेखाबरोबर पेशींच्या ओळखीचा दाखला मागतात, म्हणून तिने नमुना बाहेर तपासायला पाठवला होता. निकाल सांगत होता, या पेशी यकृताच्या नाहीतच. आतड्याच्या आहेत. त्याच खोलीत आतड्याच्या पेशींचीही एक जात वाढत होती, ती महाआडदांड; एक पेशी जरी घुसली तरी काही आठवड्यांत मूळच्यांचा मागमूस ठेवत नाही.

कशी घुसली असेल, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक जातीची पोषकद्रव्याची बाटली वेगळी, एकीची दुसरीला लावायची नाही, हा पहिल्या दिवशीचा नियम. सहा वर्षांपूर्वी शाळेतून फोन आला, मुलगी जिन्यावरून पडली. ताईने हातातल्या एकाच बाटलीतून दोन्ही जातींना भरवलं आणि धावत सुटली. एकदाने काय होतंय, असं वाटलं होतं. झालं ना!

तीन दिवस तो कागद तिच्या पर्समध्ये होता. अन्न गोड लागेना, झोप येईना, पेशींकडे बघवेना आणि त्यांना भरवल्याशिवाय राहवेना. सहा वर्षं पाण्यात गेली, हे एव्हाना तिने गिळलं होतं. पण पहिली पाच? ती त्या फोनच्या आधीची. पीएचडी, पहिले दोन लेख, ते सगळं खरं होतं. आणि त्याहून जुन्या, यकृताच्या पेशी गोठवून ठेवलेल्या नळ्या सरांच्या कुलपातल्या टाकीत होत्या. कबूल करायचं, नंतरचे लेख मागे घ्यायचे, त्या नळ्या मागायच्या आणि पुन्हा तिथून सुरुवात करायची.

"नाक कापलं जाईल गं," नवरा म्हणाला.

"अर्धंच जाईल," ती म्हणाली. "अर्धं उरेल."

शुक्रवारी ती सरांच्या खोलीत गेली. सर निवृत्तीला आलेले, कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते. तिने कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. बाटली, फोन, जिना, सगळं. बोलता बोलता रडू फुटलं. "माझ्यामुळे तुमच्या आयुष्याच्या कामाला बट्टा लागला, सर."

सरांनी कागद वाचलाच नाही. खालचा खण उघडून त्यांनी तसाच एक कागद काढला आणि तिच्या कागदाशेजारी ठेवला. तारीख चार वर्षांपूर्वीची.

"तुम्हाला माहीत होतं?" ताईचा आवाज चढला. "चार वर्षं? आणि मी इथे रविवार रविवार मरत होते!"

"सांगणारच होतो. त्याच आठवड्यात तुला ते पारितोषिक मिळालं. तू इतकी खूश होतीस. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग दर आठवड्याला जीभ आणखी जड होत गेली. भित्रा आहे गं मी."

"पण चूक तर माझी होती. मला रागवायचं होतंत. हाकलायचं होतंत!"

सरांनी आपल्या कागदावर बोट ठेवलं. "हा नमुना कसला आहे, वाच."

तिने वाचलं. कुलपातल्या टाकीतली पहिली नळी. ताई इथे यायच्या नऊ वर्षं आधी सरांनी स्वतःच्या हाताने गोठवलेली.

"टाकीतल्या सगळ्या नळ्या तपासल्या," सर म्हणाले. "सगळ्या तशाच. पहिल्याच वर्षी माझ्याच हातून काहीतरी झालं. तू आलीस तेव्हा यकृताची एकही पेशी इथे नव्हती. तुझी काही चूक नाही, बाळ. तुझ्या बाटलीने काहीच बिघडलं नाही."

तीन दिवसांत पहिल्यांदा ताईला नीट श्वास घेता आला. आपण नाही! एवढ्या मोठ्या पापातून सुटलो! आणि तो श्वास सोडायच्या आतच तिला उमगलं. पीएचडी. पहिले दोन लेख. ती पाच वर्षंही पाण्यात.

तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"सर," ती म्हणाली, "चूक माझीच होती असं म्हणा ना."

सरांनी एक पुस्तक उचलून खोक्यात ठेवलं.

"म्हणा ना, सर."