डावं कमी येतंय

लोक विचारतात, उझमा, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? तू तर त्याच्या शेजारीच बसलेली असायचीस. आलं होतं लक्षात. सांगितलंही होतं, आणि गोड बोलून नाही, चांगलं भांडून सांगितलं होतं. पण आमच्या घरात कामं वाटलेली होती आणि आवाजाचं खातं माझ्याकडे नव्हतं.

सोहेल माझा नवरा. कळंबच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा जास्त जीव ज्यात अडकलेला ते एक यूट्यूब चॅनल आहे, ‘कळंबचा कान’. त्यावर तो हेडफोन ऐकून दाखवतो. बोलताना मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. इथं ‘तो’ म्हणणार आहे, कारण आदरानं लिहीत बसले तर राग नीट उतरत नाही. घरात आम्ही निम्मं दखनी बोलतो, निम्मं मराठी. इथं सगळं मराठीतच लिहिते.

चॅनलवर वाटणी अशी होती: आवाज त्याचा, आराम माझा. हेडफोन ही शांत बसून ऐकायची वस्तू आहे, असं पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात. बसायला वेळ कुणाला आहे? मी हेडफोन घालून भाकऱ्या थापायचे, कपडे वाळत घालायचे, मेथी निवडायचे. कानात झुमके, डोळ्यांवर चष्मा, वरून ओढणी, आणि आमच्याकडचा उन्हाळा. एवढ्यातून जो हेडफोन टिकला तो पास. मग मी सांगायचे की याची पकड कानशिलं धरते, याच्या गाद्या घामानं चिकटतात, याच्या पट्टीनं टाळूवर खड्डा पडतो. खाली कमेंटमध्ये लोक लिहायचे, दादांचं ऐकलं, आता वहिनींचं काय म्हणणं आहे? सोहेलला ते फार आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आवाज तपासायला त्याच्याकडे गाणी नव्हती असं नाही, पण त्याची खरी भिस्त एका रेकॉर्डिंगवर होती. आठवडी बाजारात दोन माइक लावून ते त्यानं स्वतः केलं होतं. उजव्या कानात रसवंतीच्या चरकाची घुंगरं वाजतात, मधून माणसं आणि शेळ्या जातात, आणि डाव्या कानात तुळजाबाई नावाची भाजीवाली मेथीचा भाव ओरडते. तुळजाबाई किती लांब बसली आहे हे ज्या हेडफोनमधून कळतं तो चांगला, असा त्याचा हिशेब. ती दहा पावलांवर बसली होती. स्वस्त हेडफोनमध्ये ती कानात येऊन बसते, असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे.

गेल्या हिवाळ्यात, ऊसतोडी जोरात चालू असताना, त्यानं दोन हेडफोनची तुलना करायला घेतली. दोन्ही मधल्या किमतीचे. याच्या खाली गेलं की नुसता जाड आवाजाचा, बासचा धबधबा, आणि याच्या वर गेलं की हौसेला मोल नाही. लोक कधीपासून मागत होते. एक काळा, बंद वाट्यांचा. दुसऱ्याच्या वाट्या मागून जाळीच्या, उघड्या. माझा निकाल दोन दिवसांत तयार होता. काळा कानाला फडकं बांधल्यासारखा आवळतो, तासाभरात झुमका रुततो, पण कुकरची शिट्टी आत येऊ देत नाही. जाळीचा हलका, मखमली गाद्यांचा, घातला आहे हे विसरून मी त्यातच दारात जाऊन दूध घेतलं. पण त्यात शेजारच्या सासू-सुनेच्या भांडणासकट सगळं ऐकू येतं. आमच्याकडचं भांडण नव्हे, माझी सासू ढोकीला असते.

सोहेलचा निकाल मात्र येईना. पहिल्याच सकाळी जाळीचा घालून बसला आणि म्हणाला, डावं कमी येतंय, तुळजाबाई पार तेरणा नदीच्या पलीकडं गेली. मी घालून बघितला. बाई होती तिथंच होती. तसं सांगितलं तर म्हणाला, तुला सवय न्हाय, बारीक फरक हाय. मग त्यानं काळा घातला. त्यातही डावं कमी. आता दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन कोरे हेडफोन एकाच बाजूनं कसे बिघडतील? मी विचारलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं: सगळे एकाच देशात, एकाच मालातनं बनतात. त्यानं वायर बदलली. मग अँप, म्हणजे आवाज वाढवायचं डबडं, बदललं. मग लॅपटॉप सोडून मोबाइलला लावून बघितलं. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नका, कान दाखवून या. सर्दी झाली होती ना तुम्हाला?

त्यावर तो हसला. हे हसणं मी विसरणार नाही. “तू आराम बघ,” म्हणाला.

मग भांडण झालं. मी म्हटलं, तुम्हीच प्रत्येक व्हिडिओत सांगता की एक बाजू कमी वाटली तर कंपनीला शिव्या देण्याआधी हेडफोन उलटा घाला; कमीपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष हेडफोनचा, त्याच कानात राहिला तर कानाचा. मग घाला की उलटा. तो म्हणाला, या गाद्या तिरक्या असतात, मागून जाड, पुढून पातळ. उलट्या कानावर बसत नाहीत, चाचणी खोटी ठरते. खरंच तिरक्या होत्या. त्यानं दोन्ही हेडफोन खराब म्हणून परत पाठवले आणि बदलीचे मागवले.

ते यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत तो फोन उजव्या कानाला लावू लागला. गिऱ्हाईक बोललं की मान वळवू लागला. कानात रातकिडा बसलाय म्हणाला एकदा, जेवताना, सहज. मी पुन्हा डॉक्टरांचं नाव काढलं तर तेलाचे दोन थेंब टाकून मोकळा झाला. आणि मी काय करत होते, तर रोज सकाळी पार्सल कुठवर आलं ते मोबाइलवर बघत होते. लातूरला आलं, कळंबला निघालं. त्याला सांगत होते. दोघंही त्या खोक्याची अशी वाट बघत होतो, जसं काही आत औषध होतं.

नवे आले. दुपारची वेळ होती, दुकान जेवणासाठी बंद करून तो घरी आला होता. डोळे मिटून ऐकायची त्याची सवय. तो खाटेवर बसला, डोळे मिटले, हात पुढे केला, आणि मी जाळीचा हेडफोन त्याच्या हातात न देता स्वतःच त्याच्या डोक्यावर चढवला. उलटा. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. गाद्या तिरक्या बसल्या, पण बसल्या. बाजार लावला असता तर तुळजाबाई उजवीकडून ओरडली असती, म्हणून दोन्ही कानांत सारखंच येणारं एक जुनं गाणं चालू केलं.

बराच वेळ त्यानं ऐकलं. मग म्हणाला, “डावंच कमी येतंय.”

या हेडफोनची वायर डाव्या वाटीतून निघते. त्याचा हात सवयीनं डाव्या खांद्याकडे गेला, वायर बाजूला करायला. तिथं वायर नव्हती. मग हात छातीवरून उजवीकडे गेला आणि वायरला लागला, आणि तिथंच थांबला. डोळे त्यानं उघडले नाहीत. मला आधी वाटलं, तो अजून ऐकतोय.

मला राग आला होता, आणि भीती वाटत होती, आणि माझी भीती नेहमी रागाचेच कपडे घालून बाहेर येते. मी म्हटलं, सगळ्या महाराष्ट्राला शिकवता आणि स्वतःला एकदा उलटा घालून बघायला काय झालं होतं? महिना गेला. एका मिनिटाचं काम होतं.

तेव्हा त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“उलटा घातला असता आन् तरी डावंच कमी आलं असतं, मंग?” तो म्हणाला. “उझमा, न्हाय घातला तवर हेडफोन खराब व्हता. माझं काय गेलं नव्हतं.”

मी त्याच्याजवळ बसले. दुकान त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाब म्हणाले. मी बाहेरून बघत होते. डॉक्टर उजवीकडचा आवाज द्यायचे तेव्हा तो पटपट बटण दाबायचा, शाळेतल्या हुशार पोरासारखा. डावीकडची पाळी आली तेव्हा अंगठा बटणावर ठेवून नुसता बसून राहिला. मग कागद निघाला, त्यावर दोन रेघा. डॉक्टर समजावून सांगू लागले, पण असल्या रेघा सोहेल रोज बघतो, प्रत्येक हेडफोनबरोबर येतात. एक रेघ वर सरळ चाललेली, दुसरी खाली कोसळलेली. त्यानं कागद बघितला आणि डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आधीच मान खाली घातली.

कानाची नस कधी कधी अशी अचानक बसते, कारण सापडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या आठवड्यात आला असतात तर गोळ्यांनी बराच फरक पडला असता. दुसऱ्या आठवड्यातही आशा असते. मग त्यांनी विचारलं की इतके दिवस कुठं होतात. सोहेलनं माझ्याकडे बघितलं. कुरिअरची वाट बघत होतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी सांगितलं, कामात होतो.

तरी त्यांनी कानात औषधाच्या सुया दिल्या. आम्ही लातूरच्या खेपा केल्या. मी नमाजात काय काय मागितलं ते अल्लाहला माहीत. शेवटच्या खेपेला पुन्हा काचेची खोली झाली, पुन्हा कागद निघाला, आणि डॉक्टरांनी तो आधीच्या कागदावर ठेवून दाखवला. दोन्ही खालच्या रेघा एकमेकींवर बसल्या. एक कान चांगला आहे, त्याला जपा, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परत येताना मुरूडमार्गे निघालो. वाटेत ढोकीला सोहेलच्या अम्मीकडे थांबायचं होतं, तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर मोठमोठ्यानं गाणी. सोहेल मोटारसायकल जपून चालवत होता. मी बुरख्यात, एका अंगावर बसलेले. आमच्याकडे बायका सगळ्या अशाच बसतात, पाय डावीकडे सोडून, उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून. उजवीकडे पाय सोडले तर येणारी ट्रॉली गुडघे घेऊन जाईल. म्हणजे बोलायचं ते त्याच्या डाव्या कानाशी. लग्न झाल्यापासून आमचं निम्मं बोलणं या गाडीवरच झालेलं आहे, घरात पाहुणेरावळे, दुकानात गिऱ्हाईक. पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली ती गाडीवरच. पोटातलं बाळ राहिलं नाही तेव्हा ते मी त्याला गाडीवरच सांगितलं होतं, आणि त्यानं रस्त्याच्या कडेला थांबून माझे डोळे पुसले होते.

मुरूड मागं पडलं आणि मी बोलायला लागले. आवरलंच नाही. म्हटलं, तुम्हाला माझं एकदा ऐकायला काय झालं होतं? मी काय शत्रू होते? आराम बघ म्हणालात, बघते आता जन्मभर आराम. म्हटलं, मी तुम्हाला माफ करणार नाही, सोहेल, तुम्ही घाबरलात आणि घाबरलेलं मला सांगितलं नाही, हे मी कधी माफ करणार नाही. आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. आणि मग, सगळं ओकून झाल्यावर, म्हटलं की तुम्ही माझे आहात, एका कानाचे असा नाहीतर दोन्ही नसलेले असा.

तो पुढे बघत चालवत होता. मला वाटलं, रागावला असेल, किंवा रडत असेल.

थोड्या वेळानं ट्रॅक्टरांची रांग संपली, रस्ता शांत झाला, तेव्हा त्यानं मान जराशी वळवून विचारलं, “काय म्हणत व्हतीस का? पाठीला तुझा श्वास लागल्यासारखं झालं.”

ते सगळं पुन्हा म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. मी पुढे वाकून, उजव्या बाजूला तोंड नेऊन म्हटलं, “काय न्हाय. ऊस लई हाय म्हटलं औंदा.”

“व्हय,” तो म्हणाला. “लई हाय.”

मग मी मागं सरकले आणि त्याच्या डाव्या खांद्यावर डोकं टेकून रडले, ढोकीची वस्ती दिसेपर्यंत, मोठ्यानं. आधीचा सोहेल असता तर पहिल्या हुंदक्याला गाडी थांबवली असती. तो मला दोन्ही बाजूंचा ऊस दाखवत होता, यंदा कारखाना उशिरापर्यंत चालेल म्हणत होता, आणि गाडी एका लयीत चालली होती.