कौलांखालचा दुसरा थर

मागच्या खोलीवरची कौलं उतरवून झाली आणि सुतारानं खालच्या डांबरी कागदात पटाशी घातली. एक थर निघाला, त्याखाली दुसरा निघाला. दोन्हींच्या मध्ये पाणी साचून राहिलं होतं. खालच्या फळीवर सुतारानं बोट दाबलं तर बोट आत गेलं.

"हे कोणाचं पुण्यकर्म?" तो म्हणाला. "जुना कागद न काढता वरून नवा अंथरलाय. असल्या माणसाला याच कागदात गुंडाळून उन्हात ठेवायला पाहिजे."

शेजारी बसलेल्या मिस्त्रीच्या बहिणीचं हे घर, आणि हे छप्पर नऊ वर्षांपूर्वी त्यानंच घातलं होतं. जुना कागद खरवडायला दोन दिवस गेले असते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकानं घाई लावली होती. घरचंच काम, कोण विचारतंय, म्हणून त्यानं ते उरकून टाकलं. आज ही बाजू एकट्यानं उघडायचा त्याचा बेत होता. सुतार नेमका तासभर आधी येऊन बसला.

वरच्या कागदाच्या कडेला पिवळ्या तेलखडूनं तारीख आणि एक त्रिकोण काढला होता. कौलं चढवण्याआधी अशी खूण करायची मिस्त्रीची सवय सगळ्या धंद्याला ठाऊक होती. सुतारानं खूण पाहिली, मिस्त्रीकडे पाहिलं आणि कान खाजवला.

"बरं," तो आवाज खाली आणून म्हणाला, "फाडून गोणीत भरू. फळ्या मी बदलतो. खाली कोणाला काय कळतंय?"

तेवढ्यात अंगणातून बहिणीच्या नवऱ्याची, भाऊजींची हाक आली. "काय मिस्त्री, सापडला का माझा पाय?"

ही थट्टा घरात जुनी होती. नवं छप्पर वर्षाच्या आतच गळायला लागलं तेव्हा मिस्त्री वर चढला आणि एक फुटकं कौल घेऊन उतरला. भाऊजी आदल्या आठवड्यात अँटेना फिरवायला गेले होते. "गजराज चढले होते ना वर!" तो सगळ्यांपुढं म्हणाला. घर हसलं, भाऊजीही हसले, आणि ते नाव त्यांना चिकटलं. त्यानंतर ते शिडीला कधी शिवले नाहीत. मागच्या खोलीत बादली लावायची, भरली की ओतायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

"बोल की! का छप्परच खाली आलं?"

मिस्त्रीनं कागदाचा खूण असलेला तुकडा कापला आणि तो शिडीवरून उतरला. ताई दारात उभी होती.

"भाऊजी, हे माझं काम आहे," तो म्हणाला. "जुन्यावरच नवा कागद टाकला होता मी. पाणी त्यातून मुरत होतं. तुमच्या पायानं काही झालं नव्हतं."

"अरे, फुटलेलं कौल तूच दाखवलंस की."

"ते माझ्या टेम्पोत पडलेलं होतं. दुसऱ्या कामावरचं. हत्यारांच्या पिशवीतून वर नेलं."

भाऊजी थट्टा समजून हसायला लागले. मग त्यांनी तो तुकडा हातात घेऊन तारीख वाचली, आणि हसू ओठांवरच राहिलं.

"मी कौलांवर पायच ठेवला नव्हता," ते सावकाश म्हणाले. "भिंतीवरच उभा होतो. पण म्हटलं, तू त्यातला माणूस. मलाच आठवत नसेल."

ताईनं भावाला दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "अंगात ताप असताना बादली ओतायला उठायचे हे. मी ओरडायचे यांच्यावर."

फाटकापाशी सायकलची घंटी वाजली. "गजराजकाका, दूध!"

"आलो, आलो," भाऊजी सवयीनं म्हणाले आणि पातेलं आणायला वळले.

मिस्त्री खाली बघत शिडी चढला. सुतारानं गोणीचं तोंड उघडून धरलं होतं. ती त्याच्या हातातून काढून घेत मिस्त्री म्हणाला, "अंगणात टाक सगळं. दिसू दे." मग गुडघे टेकून त्यानं खालचा थर खरवडायला घेतला.