खिळ्यावरचा टॉवेल आणि आलेले डोळे

मित्रांनो, मी एक सुती टॉवेल. दोघी जावा चालवत असलेल्या शिवणकामाच्या दुकानात, बेसिनशेजारच्या खिळ्यावर माझी सारी हयात गेली. नवा होतो तेव्हा थोरली जाऊ मला गालाला लावून म्हणायची, "किती मऊ आहे गं!" पुढे मी विटलो, धागे सुटले, मला धुवायची आठवणही कोणाला राहिली नाही. हात-तोंड पुसायला मात्र सगळ्यांना मीच.

एका सोमवारी धाकटी जाऊ आली ती एक डोळा लालबुंद, पापण्या चिकटलेल्या. तोंड धुऊन तिने डोळा माझ्यात दाबून पुसला. पाठोपाठ थोरलीने माझ्यानेच घाम टिपला. मी कासावीस झालो. ओरडावंसं वाटलं, पण टॉवेलला कुठलं तोंड?

तिसऱ्या दिवशी थोरलीचेही डोळे आले. नवरीचा पोशाख अर्धवट, लग्न चार दिवसांवर, आणि हिला सुईत दोरा ओवता येईना!

"तू माझ्याकडे टक लावून बघितलंस, म्हणूनच झालं हे," ती कडाडली.

धाकटी बिचारी भिंतीकडे तोंड करून मशीन चालवू लागली. दुकानातले इस्त्रीवाले काकाही लाल डोळे चोळत होते. सगळे त्यांनाही टाळू लागले. आणि पुन्हा पुन्हा डोळ्यांना लावत होते मलाच! लटकल्या जागी मी नुसता तळमळत होतो.

शेवटी शिवायला टाकलेला कोट न्यायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिघांचे डोळे पाहिले.

"बघितल्याने डोळे येत नाहीत हो! तुम्हा दोघींना विषाणूची लागण झालीय. ती हातांवरून पसरते, आणि या असल्या टॉवेलवरून. काकांना कापडाच्या धुळीची अ‍ॅलर्जी आहे, ती कोणाला लागत नाही. कधी जिवाणूंमुळेही डोळे येतात, त्याचं औषध निराळं. म्हणून मनाने थेंब घालायचे नाहीत, मी लिहून देते तेच घाला."

थोरलीने मला खिळ्यावरून उतरवलं. मला उकळत्या पाण्यात टाकलं, कडक उन्हात वाळवलं. किती दिवसांनी जिवाला बरं वाटलं! प्रत्येकाला वेगळा टॉवेल आला. धाकटी आधी बरी झाली. पोशाख तिनेच वेळेवर पुरा केला. त्या दुपारी थोरली तिच्यासमोर येऊन बसली.

"माझं चुकलं गं. घाल माझ्या डोळ्यांत थेंब."

धाकटीने साबणाने हात धुतले. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच दोघी समोरासमोर बसल्या होत्या.

मित्रांनो, डोळे आलेल्या माणसाला वाळीत टाकू नका. टॉवेल तेवढा वेगळा ठेवा आणि रोज धूत चला. आम्हाला मळ दिसतो, पण सांगता येत नाही.