मार्लीनचं भांडं

"रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, एवढं तरी शिकवलंय ना मी तुला?" असं म्हणत आईंनी पक्कं बांधलेलं खोकं सुरीनं फाडलं आणि कढई बाहेर काढली.

अनीश गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. "आई, प्लीज ना! सामान लोड झालंय. वॉल्टकाकांना डिश देऊ, थँक यू म्हणू आणि निघू. रिकामी की भरलेली, त्यांना काय फरक पडतो?"

"वॉल्टला पडतो. तुलाच पडत नाही."

मी सून. अशा वेळी मायलेकांच्या मध्ये पडायचं नाही, गुपचूप साखर शोधायची, एवढी अक्कल मला आली आहे. साखर 'बाथरूम' लिहिलेल्या खोक्यात सापडली. पॅकिंग अनीशनं केलं होतं.

ऑरेगन राज्याच्या पूर्व भागात, डोंगरापलीकडच्या कोरड्या उंच माळावर, अल्कली वेल्स नावाचं हे गाव आहे. एक पेट्रोल पंप, एक दुकान, एक चर्च, एक हॉल आणि माणसांच्या कितीतरी पट गाई. माझे सासरे अरुणबाबा नागपूरचे गुरांचे डॉक्टर. वर्षभरासाठी म्हणून इथे आले आणि जन्मभर राहिले. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ते गेले. आता आईंचे गुडघे आणि इथला बर्फ यांचं जमेना, म्हणून घर विकून त्या आमच्याकडे सनीव्हेलला निघाल्या होत्या. निर्णय त्यांचाच. रडल्या नाहीत की कुरकुरल्या नाहीत. फक्त आदल्या दुपारी कपबशा गुंडाळताना एकदम म्हणाल्या, "सुमेधा, आणखी दोन वर्षांनी इथे कुणाला आठवू का गं आम्ही?" मी पुढची कपबशी त्यांच्या हातात दिली.

त्या भांड्याची गोष्ट मात्र मला पाठ आहे. या गावात कुणाकडे बाळ होवो, मयत होवो, की नवं बिऱ्हाड येवो, शेजारणी काचेच्या भांड्यात जेवण घेऊन हजर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. खाऊन झालं की घासून परत करायचं. आई नवी नवरी म्हणून इथे आल्या, तेव्हा शेजारच्या वॉल्टची बायको मार्लीन असंच भांडं घेऊन आली. त्यात त्यांच्याच कळपातल्या गाईचं मटण! आई शाकाहारी, आणि सांगायची भीड. सगळं गेलं शेरूच्या, म्हणजे कुत्र्याच्या पोटात. भांडं घासलं, पण रिकामं कसं द्यायचं? आईंनी शिरा करून दिला. मार्लीनला वाटलं, यांच्यात अशीच रीत दिसते, आपण कमी पडता कामा नये. तिनं ते पुन्हा भरून पाठवलं. पुन्हा मटण, पुन्हा शेरू, पुन्हा शिरा. वसंतापर्यंत शेरू इतका फुगला की डॉक्टरच्याच कुत्र्याला चालता येत नाही म्हणून गावभर चेष्टा सुरू झाली. ती मार्लीनच्या कानावर गेली, तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती आईंच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या खेपेपासून बटाटे आणि चीज येऊ लागलं. भांड्याच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. मार्लीन गेल्यावर वॉल्ट त्यातून जर्दाळू पाठवायचा, नाहीतर अंडी. गड्याला स्वयंपाक येत नाही, पण रीत त्यानं मोडली नाही.

आणि बाबा गेले तेव्हा? दहन करायची सोय दूरच्या शहरात. बर्फातून आमच्या गाडीमागे अख्खं गाव आपापले ट्रक घेऊन, दिवे लावून आलं होतं. काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून टोप्या हातात धरून नुसते उभे राहिले. ते उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

शिरा झाला. न्याहारीच्या लापशीसाठी इथे जो रवा मिळतो, त्याचाच. आम्ही गावाच्या हॉलवर गेलो, कारण तिथे जमणाऱ्यांसाठी सकाळची कॉफी वॉल्टच करतो. ऐंशी पार केलेला, काठीसारखा वाळका माणूस. त्यानं भांडं दोन्ही हातांनी घेतलं. गरम होतं, तरी खाली ठेवलं नाही.

"नीला, आता हे मी भरून कुठे पाठवू?" तो म्हणाला.

आईंनी पर्समधून स्टीलचा एक डबा काढला. लग्नातला. झाकणावर कोरलेलं, 'सौ. नीलांबरी'. तो घेऊन त्या हॉलच्या स्वयंपाकघरातल्या फळीकडे गेल्या. जेवणावळीत विसरलेली भांडी त्या फळीवर राहतात. मालक येईपर्यंत ती कुणी वापरायची नाहीत की टाकायची नाहीत, असा इथला नियम. म्हणून शाळा बंद झाली तरी बाईंचा केकचा साचा तिथे आहे. एकेकाळी परदेशातून आलेल्या बास्क मेंढपाळांचं काळं पातेलं आहे. कुरणं विकून गेलेल्यांची आणि मेलेल्यांचीही भांडी आहेत, आणि दर वसंतात कुणीतरी ती पुसतं.

आईंनी डबा पातेल्याशेजारी ठेवला.

वॉल्टनं शिऱ्याचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि खणातून चिकटपट्टी आणि पेन काढलं. मग कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "हे काय लिहिलंय?"

"माझं नाव."

"मग झालं." त्यानं पट्टी परत खणात टाकली. झाकण उघडून आत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नीला, हा रिकामा आहे."

"खोक्यांतून आणखी काही निघेना रे," आई ओशाळून म्हणाल्या.

वॉल्ट काठी टेकत कॉफीच्या टेबलापाशी गेला. साखरेच्या पुड्या मूठभर उचलून आणल्या, डब्यात टाकल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा फळीवर होता तिथे ठेवला.

"आता ठीक आहे," तो म्हणाला. "न्यायला येशील तेव्हा चहाला होतील."

गाडीत बसल्यावर आईंनी पदर डोळ्यांना लावला. मग अनीशला म्हणाल्या, "सावकाश चालव रे. घाई कसली आहे?"